झाडपाल्याचा निर्दोषपणा

‘झाडपाल्याचे तर औषध! गुण आला तर आला. अपाय तर काही नाही ना?’ हे वाक्य आमच्या मराठी-कोंकणी घरांतून इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आम्ही स्वतः ते शेकडो वेळा ऐकले आहे, आणि कबूल करावयास संकोच कशाला, तितक्याच वेळा उच्चारलेही आहे. शेवटचे उच्चारले ते गेल्या वर्षी श्रावणात, बेळगावी एका जुन्या स्नेह्याच्या ओसरीवर. त्यानंतर जे घडले त्यामुळे हे वाक्य आमच्या तोंडून पुन्हा सहज निघेल असे वाटत नाही. परंतु घडलेली हकीगत सांगण्यापूर्वी त्या वाक्याचीच थोडी तपासणी करणे इष्ट होईल.

या वाक्यात दोन विधाने आहेत. या औषधाने गुण येऊ शकतो, हे एक. आणि या औषधाने अपाय होऊच शकत नाही, हे दुसरे. सुटे सुटे घेतले तर दोन्ही विधाने समजण्यासारखी आहेत. पण एकाच पदार्थाविषयी एकाच श्वासात दोन्ही करता येतील काय? जी वस्तू शरीरात शिरून काही एक फरक घडविते, तिच्या अंगी तो फरक नको तेथे आणि नको तितका घडविण्याचेही सामर्थ्य असलेच पाहिजे. चाकू भाजी चिरील पण बोट चिरणार नाही, असे आपण म्हणत नाही. पाणीसुद्धा तहान भागविते आणि माणसाला बुडवितेही. तेव्हा अपाय करण्यास सर्वस्वी असमर्थ असे औषध असेल, तर ते गुण देण्यासही असमर्थ असणार. झाडपाल्याला निर्दोष ठरविताना आपण त्याची स्तुती करतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपण त्याला निर्जीव ठरवीत असतो.

आता हकीगत. आमचे हे स्नेही निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून आम्हीही मास्तरच म्हणतो. चारपाच वर्षांमागे त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. अशा हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होण्याचा आणि ती मेंदूकडे जाऊन पक्षाघाताचा झटका येण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनी त्यांना वॉरफरिन नावाची गोळी सुरू केली. ही गोळी घेणाराला वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. तपासणीचा आकडा, ज्याला आय. एन. आर. म्हणतात, निरोगी माणसात १ च्या आसपास असतो. मास्तरांसारख्या रोग्यात तो २ आणि ३ यांच्या दरम्यान ठेवावयाचा असतो. खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. मास्तर वर्ग घेतल्याच्या शिस्तीने हा आकडा सांभाळीत असत.

त्यांना भेटावयास जाताना आम्ही गोव्याहून एक बाटली नेली. लसूण आणि आले यांचा रस, त्यात लिंबू, आणि सगळे आटवून वर मध. ही कृती कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवरून फिरत सर्वांच्याच घरी पोहोचलेली आहे. आमच्या घरी ती पोहोचली तेव्हा आम्ही ती श्रद्धेने करून पाहिली आणि आणखी दोघांना दिली. त्या दोघांनी आम्हांला दुवा दिला. मास्तरांच्या हाती बाटली देताना आम्ही म्हणालो, ‘रोज सकाळी अनशापोटी चार चमचे घ्या. रक्त पातळ होते, नाड्या मोकळ्या होतात. झाडपाल्याचेच आहे; अपाय काही नाही.’ मास्तरांनी बाटली कृतज्ञतेने फडताळात ठेवली.

अठराव्या दिवशी रात्री त्यांच्या नाकातून रक्त वाहू लागले ते थांबेना. दंडावर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग उठले होते, पण बाह्यांच्या सदऱ्यामुळे ते कोणाला दिसले नव्हते. इस्पितळात तपासले तेव्हा आकडा ७ च्या वर गेलेला होता. गोळी थांबविली, ‘के’ जीवनसत्त्व दिले, नाकात बोळे भरले. तीन दिवसांनी मास्तर घरी आले. देवाच्या कृपेने नाकावरच निभावले. तेच रक्त मेंदूत वाहिले असते तर हा लेख लिहिण्याचे बळ आमच्या अंगी उरले नसते.

डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, ‘आणखी काही औषध घेता का?’ आणि मास्तरांनी उत्तर दिले होते, ‘नाही.’ हे उत्तर देणारा मनुष्य आयुष्यात खोटे बोललेला नाही, आणि या वेळीही तो खोटे बोलत नव्हता. त्यांच्या लेखी बाटलीत होते ते औषधच नव्हे! येथे आम्हांला शब्दांच्या दैवगतीचे नवल वाटते. संस्कृतात ओषधि म्हणजे वनस्पती. वनस्पतीपासून झाले ते औषध. त्याच शब्दाची कोंकणीत झिजून ‘वखद’ झाली. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत औषध या शब्दाच्या पोटात झाडपालाच आहे. आणि आज आपण अशा अवस्थेला आलो आहोत, की ओषधि घेणारा माणूस शपथेवर सांगतो, मी औषध घेत नाही.

याहून मोठा उपरोध त्या गोळीच्या जन्मकथेत आहे. मास्तर ज्या गोळीला ‘विलायती रसायन’ म्हणत आणि जिच्या मानाने आमची बाटली आम्हांला सोज्ज्वळ वाटली, ती गोळी झाडपाल्याचीच संतती आहे. तिची कथा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात आहे.

१९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड कुरणांच्या मुलखात गुरांना एक चमत्कारिक रोग जडू लागला. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की जनावर रक्त वाहून मरे. पुष्कळदा कोठे जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होई. कॅनडातील पशुरोगतज्ज्ञ फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवून दिले, की याचे मूळ गुरांच्या चाऱ्यात आहे. हा चारा म्हणजे ‘स्वीट क्लोव्हर’. आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यातली एक वनस्पती. ताजी असताना ती बाधत नसे, नीट वाळविली तरी बाधत नसे. ओल लागून बुरशी आलेली गंजी मात्र घातक ठरे. कुमारिन नावाचे जे द्रव्य या वनस्पतीला वाळल्या गवताचा गोड वास देते, ते स्वतः रक्ताला काही करीत नाही. बुरशीच्या संगतीत त्याचे रूपांतर होते आणि दोन रेणू जोडले जाऊन एक नवे द्रव्य जन्मास येते; ते रक्त गोठू देत नाही.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकीत मॅडिसन येथील विद्यापीठात येऊन थडकला. त्याच्याजवळ एक मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि शंभरेक पौंड खराब चारा होता. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी तो योगायोगानेच आला. लिंक त्याला एवढेच सांगू शकले, की हा चारा घालू नका आणि जमल्यास आजारी जनावरांना चांगल्या जनावरांचे रक्त द्या. ज्या चाऱ्यावर गोठा पोसला त्याच चाऱ्याने गोठा रिकामा केला, हे पटवून घेणे कोणत्याही शेतकऱ्याला किती जड गेले असेल! विष परके असते, बाटलीवर कवटीचे चित्र घेऊन येते, अशी आपली समजूत असते. ते आपल्याच गंजीत, गोड वास मारीत पडलेले असते, हे मन सहजी स्वीकारीत नाही.

लिंक यांच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे त्या चाऱ्याचा पिच्छा पुरविण्यात आला. जून १९३९ मध्ये हॅरॉल्ड कॅम्बेल या त्यांच्या सहकाऱ्याला ते द्रव्य स्फटिकरूपात हाती लागले. त्याचे नाव डायकुमारॉल. काही वर्षांनी त्याच कुळातील अधिक जोरकस असे एक द्रव्य लिंक यांनी उंदीर मारण्यासाठी सुचविले. १९४८ साली ते बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉरफरिन. १९५१ साली अमेरिकी सैन्यात नव्याने भरती झालेल्या एका तरुणाने जीव देण्यासाठी हे उंदराचे औषध अनेक दिवस खाल्ले. पण ‘के’ जीवनसत्त्वाच्या योगाने तो पूर्ण बरा झाला. माणसाच्या शरीरातही या विषाला उतारा आहे, हे त्यावरून ठळकपणे कळून आले. १९५४ साली ते माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले, आणि १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर तेच देण्यात आले. गंजीतली बुरशी, उंदराचे विष आणि राष्ट्राध्यक्षाचे औषध, असा हा प्रवास.

‘रक्त पातळ होते’ हा आपला शब्दप्रयोगही तपासून घेतलेला बरा. या गोळीने रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावे तसा काही प्रकार नाही. यकृतात रक्त गोठविणारी काही द्रव्ये तयार होतात, त्यांच्या घडणीला ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन त्या जीवनसत्त्वाचा पुन्हा पुन्हा उपयोग होऊ देत नाही, म्हणून गोठण्याची क्रिया मंदावते. हे जीवनसत्त्व कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना १९२९ पासून कोंबडीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून सापडले, आणि १९३९ साली त्याचा शुद्ध नमुना हिरव्या लसूणघासातून काढण्यात आला. लसूणघासाचा आणि लसणीचा संबंध केवळ नावापुरता आहे. तरीही ज्याच्या नावात लसूण आहे तो घास रक्त थांबविण्याच्या कामी येतो आणि जी खरी लसूण ती रक्त वाहते ठेवील म्हणून आपण खातो, याची आम्हांला गंमत वाटल्याखेरीज राहिली नाही. रक्त गोठविणारे वनस्पतीत, न गोठू देणारेही वनस्पतीतच. पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी सोडावयाची नसते, पण एक आठवडा मुळीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळा, असेही करावयाचे नसते.

ॲस्पिरिनची कुळकथा याच वळणाची आहे. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले, की विलो झाडाच्या सालीची पूड हिवतापासारख्या तापावर गुणकारी आहे. त्या सालीतल्या द्रव्याच्या कुळातील सॅलिसिलिक आम्लाला १८९७ साली बायर कारखान्यातील फेलिक्स हॉफमान यांनी एक लहानसा जोड दिला आणि ॲस्पिरिन तयार झाले. हा जोडच रक्तातील बिंबिकांना जखडतो. एकदा जखडलेली बिंबिका तिच्या आठदहा दिवसांच्या आयुष्यात मोकळी होत नाही. सालीत तो जोड नसल्यामुळे साल त्या मानाने दुबळी. येथे निसर्ग कोठे संपला आणि कारखाना कोठे सुरू झाला? ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या दोन शब्दांच्या मधोमध आपण जी भिंत उभारली आहे तिच्यातून औषधे इकडून तिकडे सारखी ये-जा करीत असतात. निदान नीतीचा निवाडा त्या भिंतीच्या आधाराने करता येणार नाही.

मग भेद आहे तो कोठे? आमच्या मते तो मोजणीत आहे. वॉरफरिन किती मिलिग्रॅम दिले ते माहीत असते, त्याचा परिणाम आकड्यात दिसतो, त्याच्याशी कशाचे वैर आणि कशाचे सख्य याची यादी असते आणि उतारा ठाऊक असतो. त्याचे दोष लोकांनी हुडकून काढले आहेत, म्हणून ते सदोष. आमच्या बाटलीचे दोष कोणी मोजलेच नाहीत, म्हणून ती निर्दोष! ज्याचे अपराध दप्तरात नोंदले गेले तो गुन्हेगार आणि ज्याच्या घरी शिपाई कधी गेलाच नाही तो संत, असा हा न्याय आहे.

लसणीच्या बाबतीत थोडी फार मोजणी झालेली आहे. तिची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लसूण ठेचली आणि तेलात मुरविली की तिच्यात अजोईन नावाचे द्रव्य तयार होते. लसणीला स्पॅनिश भाषेत ‘आहो’ म्हणतात, त्यावरून हे नाव. १९८४ साली एरिक ब्लॉक आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची घडण उकलली. ते बिंबिकांना एकमेकींस चिकटू देत नाही. आल्यातली, हळदीतली, लवंगेतली द्रव्येही काचेच्या नळीत असेच वागताना दिसली आहेत. पण नळीतले रक्त निराळे आणि नाडीतले रक्त निराळे. हळदीतले कर्क्युमिन तर पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. लसणीने वॉरफरिनचा आकडा वाढतो काय, याविषयी रोग्यांच्या हकीगती एक सांगतात आणि काही प्रयोग दुसरेच सांगतात. फोडणीतल्या लसणीने कोणाचे बिघडत नाही. रोज मुठीमुठीने घेतलेल्या अर्काविषयी तशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही.

आणि मास्तरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. त्याच पंधरवड्यात त्यांची दाढ सुजली होती. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांतली एक वॉरफरिनचा जोर वाढविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मास्तरांनी तेथेही वॉरफरिनचा उल्लेख केलेला नव्हता. दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध, असे त्यांना वाटले. इस्पितळातील डॉक्टर आम्हांला म्हणाले, ‘गोळीमुळे झाले की तुमच्या बाटलीमुळे, की दोन्हींमुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.’

हे ऐकून आम्हांला प्रथम सुटल्यासारखे वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही. पण ती सुटका फार वेळ टिकली नाही. आम्हांला पडलेला खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. कारण सिद्ध होत नसेल तर दोषही उरत नाही काय?

न्यायालयात तसे असेल, आणि असावेही. पुराव्यावाचून कोणाला शिक्षा होऊ नये. पण मनाच्या न्यायासनापुढे जो प्रश्न येतो तो वेगळा असतो. तुझ्या बाटलीने रक्त वाहिले काय, असे ते विचारीत नाही. बाटली हाती देताना तुला काय ठाऊक होते, आणि ठाऊक करून घेण्याची तू किती तसदी घेतलीस, असे ते विचारते. या प्रश्नाचे उत्तर द्यावयास दाढेच्या गोळ्या आमच्या उपयोगी पडत नाहीत. मास्तर वॉरफरिन घेतात हे आम्हांला ठाऊक होते. ‘रक्त पातळ करणारे’ औषध जो आधीच घेत आहे त्याला आम्ही ‘रक्त पातळ करणारे’ दुसरे औषध, तोच शब्द उच्चारून दिले. दोन्ही वाक्ये आमच्याच डोक्यात होती. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची तसदी मात्र आम्ही घेतली नाही.

ज्या दोघांनी आम्हांला दुवा दिला त्यांची गोष्ट या संदर्भात आम्हांला फार बोचते. तीच बाटली, तेच शब्द, तोच निष्काळजीपणा. त्यांच्या घरी काही घडले नाही आणि मास्तरांच्या घरी घडले. फरक आमच्या वर्तनात नव्हता. तो त्यांच्या रक्तात आणि नशिबात होता. तेव्हा मास्तरांच्या घरी आम्ही दोषी असू, तर त्या दोन घरीही तितकेच दोषी आहोत. आणि तो दुवा? ज्या अपायाचे कारण सिद्ध होत नाही तो आमच्या माथी मारू नये, असे म्हणावयाचे असेल, तर ज्या गुणाचे कारण सिद्ध होत नाही त्याचे श्रेय तरी आम्ही कोणत्या तोंडाने घ्यावे? त्या दोघांपैकी एकाला आम्ही हे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले आणि आणखी एक बाटली मागितली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांला वजनदार वाटतो. संपूर्ण ज्ञान झाल्याखेरीज कोणी कोणाला काही सुचवूच नये असे ठरले, तर शेजारधर्म संपला. खोकणाऱ्या नातवाला आजीने हळदीचे दूध द्यावयाचे नाही, बाळंतिणीला शेजारणीने डिंकाचे लाडू न्यावयाचे नाहीत. सर्वांनी हात बांधून डॉक्टरांची वाट पाहावयाची. असा गाव आम्हांलाही नको. परंतु आजी दूध देते ती अन्न म्हणून, मायेची ऊब म्हणून, अन्नाच्या मापाने. तिला कोणाच्या रक्तात काही घडवून आणावयाचे नसते. आम्ही मात्र बाटली देताना ‘रक्त पातळ होते’ असे म्हणालो. ते शब्द उच्चारताक्षणी आम्ही शेजारी राहिलो नाही, वैद्य झालो. आणि वैद्याचा मान घ्यावयाचा तर वैद्याचे कर्तव्यही आपोआप अंगावर येते. विचारणे, थांबणे, पुन्हा येऊन पाहणे, हे ते कर्तव्य. आम्ही मान घेतला आणि रात्रीच्या गाडीने परतलो.

आपल्या जुन्या वैद्यकाला या प्रकरणात गोवणे अन्यायाचे होईल. त्याने झाडपाल्याला निर्दोष कधीच म्हटलेले नाही. योग्य योजनेने विषही औषध होते आणि चुकीच्या योजनेने औषधही विष, हा विचार चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आलेला आहे. बचनाग आणि बिब्बा यांची शुद्धी केल्याखेरीज ते वापरावयाचे नाहीत, हे खेड्यातल्या वैद्यालाही ठाऊक असे. आणि बिब्ब्याने अंगावर उठलेले फोड ज्याने पाहिले आहेत त्याला निसर्गाच्या सौम्यपणावर व्याख्यान देण्याची गरज नाही. त्या वैद्यकात औषधाबरोबर अनुपान होते, पथ्य होते, आणि मुख्य म्हणजे नाडी धरून समोर बसलेला एक माणूस होता. आम्ही त्यातली नुसती मुळी उचलली आणि बाकीचे सारे टाकून दिले. तक्षशिलेच्या गुरूने जीवकाला औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला, ही बौद्ध परंपरेतील कथा आपण कौतुकाने सांगतो. गुरूने त्याला कधीच अपाय न करणारी वनस्पती आणावयास सांगितले असते, तरी तो रिकाम्या हातानेच आला असता, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे.

आमच्या कोंकणी वाचकांना एक गोष्ट अभिमानाने ठाऊक असेल. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला; त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. या कामी त्यांना इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य झाले. या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीतील कोंकणीत पहिल्या खंडात छापलेले आहे. आम्ही इतकी वर्षे त्याकडे भाषेचा जुना नमुना म्हणूनच पाहत होतो. आता त्याच्याकडे पाहिले की दुसरेच काही दिसते. आम्ही वनस्पतींचे गुण सांगितले, आणि सांगणारे आम्ही हे, असे म्हणून त्यांनी खाली आपली नावे दिली आहेत. आमच्या बाटलीची कृती पाठविणाऱ्याचे नाव आम्हांला आजही ठाऊक नाही.

डॉक्टर मंडळींनाही यात आपला वाटा उचलावा लागेल. मास्तरांनी बाटलीला औषध मानले नाही, हे खरे. पण पुढे बोलता बोलता ते असेही म्हणाले, की समजा मानले असते, तरी सांगितले नसते. पूर्वी एकदा त्यांनी कोण्या डॉक्टरांपुढे गुळवेलीचे नाव काढले, तेव्हा ते डॉक्टर हसले होते. त्या हसण्याने मास्तरांची गुळवेल सुटली नाही. फक्त तिच्याविषयी बोलणे सुटले. ज्या खोलीत मनुष्याला हसे होण्याचे भय आहे तेथे तो आपले रक्त देईल, पण आपले फडताळ उघडून दाखविणार नाही. ‘आणखी काही औषध घेता का?’ याऐवजी ‘घरी काढा, चाटण, चूर्ण, असे काही चालू आहे काय?’ असे, आणि न हसता, विचारावयास किती क्षण लागतात? अर्थात डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून आमचा भार हलका होतो असे नाही. आम्ही तर विचारण्याच्याही आधीच्या पायरीवर होतो.

मास्तरांकडे आम्ही दिवाळीनंतर गेलो. जाण्याचा धीर होण्यास तेवढे दिवस लागले. वहिनींनी नेहमीप्रमाणे चहा आणला आणि आम्ही विषय काढताच म्हणाल्या, ‘तुम्ही ते मनाला का लावून घेता? तुम्ही आपुलकीनंच दिलं होतं ना!’ आम्ही गप्प बसलो. आपुलकीनेच दिले होते, यात शंका नव्हती. आणि आपुलकीने दिले होते म्हणूनच मास्तरांनी एकही प्रश्न न विचारता ते घेतले होते, यातही शंका नव्हती. परक्याने दिले असते तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते.

मास्तर उठले आणि कपाटातून शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली एक वही घेऊन आले. इस्पितळातून आल्यापासून त्यांनी ती सुरू केली होती. एका रकान्यात तारीख, एकात आय. एन. आर. चा आकडा, एकात गोळीचे माप, एकात ‘इतर पोटात गेलेले’, आणि शेवटच्या रकान्याचे नाव ‘कोणी दिले’. मागची पानेही त्यांनी आठवून भरली होती. दाढेच्या गोळ्यांपुढे दातांच्या डॉक्टरांचे नाव होते. श्रावणातल्या ओळीत ‘लसूण-आले अर्क, रोज चार चमचे’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, आणि त्यापुढचा रकाना रिकामा होता.

‘ते तुम्हीच भरा,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपले पेन आमच्यापुढे धरले.